अपडाऊनचा जमाखर्च

गेल्या पंधरवड्यात लंडनला नोकरी मिळालेल्या पुतण्याचा फोन आला. "काका, ऑफिस लंडनच्या मध्यभागी आहे. घर हॅरोला घ्यावे की रेडिंगला? रेडिंगला भाडे कमी आहे." जन्मभर बँकेत काढल्यामुळे घरात असे प्रश्न माझ्याकडेच येतात.

रेडिंग लंडनच्या पश्चिमेस सुमारे ५८ किलोमीटरवर आहे. जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पॅडिंग्टनला पोहोचवते. परंतु रेल्वेचा वार्षिक पास ५,००० पौंडांहून महाग पडतो. समजा, भाड्यात दरमहा ३०० पौंड वाचले, तर वर्षाची बचत ३,६०० पौंड. म्हणजे बचत दिसते भाड्यात आणि निघून जाते पासात. हॅरो लंडनच्याच भुयारी रेल्वेच्या जाळ्यात असल्याने तेथील पास बराच स्वस्त. भाडे, पास आणि स्थानिक कौन्सिल टॅक्स या तिन्ही रकमा एकाच कागदावर मांडल्याशिवाय घर स्वस्त की महाग हे ठरवू नये.

त्याच कागदावर वेळही मांडावा. रोज जाण्यायेण्यात दोन तास अधिक गेले आणि वर्षाचे २२० दिवस कामाचे धरले, तर ४४० तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने कामाचे पूर्ण ५५ दिवस! डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला ऑफिसातच डबा संपवावा लागेल. जूनमध्ये मात्र रात्री नऊनंतरही उजेड असतो.

हे सारे सांगून झाल्यावर मी विचारले, "सूनबाईंचे काय मत आहे?" तो म्हणाला, "तिला अजून नोकरी नाही. तिला कुठेही चालेल."

वाचकहो, या उत्तराने मी अस्वस्थ झालो. लग्नाच्या वेळी सौभाग्यवती धुळ्याच्या एका शाळेत शिक्षिका होत्या आणि माझी शाखा जळगावला होती. अंतर सुमारे ९० किलोमीटर. घर जळगावला असावे, हे कोणी ठरवले नाही. ते गृहीतच होते. त्यांनी वर्षभर एरंडोल-पारोळामार्गे एस.टी.ने अपडाऊन केले आणि नोकरी सोडली. पुढे माझीच बदली धुळ्याला झाली. पहाटेची गाडी पकडताना प्रथमच कळले की त्या वर्षभर काय सोसत होत्या. इतरांची खाती मी पैशापर्यंत जुळवली. ही नोंद मात्र घरच्या वहीत कधीच केली नाही.

म्हणून पुतण्याला म्हणालो, "तिलाही फोनवर घे." सूनबाई फार्मसी शिकलेल्या आहेत. त्या संकोचाने म्हणाल्या, "काका, तिथली नोंदणी होईपर्यंत मला अभ्यास करावा लागेल. दिवसभर एकटी राहणार. जवळ कोणी आपले असेल तर बरे." हॅरोला लागूनच केंटन येथे जैन मंदिर आहे, गुजराती कुटुंबांची वस्तीही मोठी आहे. घराचा प्रश्न मला वाटला होता तेवढा आकड्यांचा नव्हता.

परदेशी निघालेल्या जोडप्यांना माझे सांगणे एवढेच. निदान एक हिवाळा भाड्याने राहा. खरेदीची घाई नको. गाव रविवारी पाहू नका, कामाच्या दिवशी सकाळी स्टेशनवर उभे राहून पाहा. घराच्या करारावर दोघांची नावे घाला. इंग्लंडात सर्वसाधारण घराची अनामत कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. नोकरीसाठी देश सोडताना येथील बचत खाते एन.आर.ओ. करून घ्या, तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नाही.

आणि हिशेब मांडताना वहीवर दोघांनी बसावे. एकट्याने मांडलेला जमाखर्च जुळलेला दिसला, तरी तो अपुरा असू शकतो.