बाळाच्या वजनाची पूर्वतयारी

घरात बाळ जन्मले की मंडळींचा पहिला प्रश्न त्याच्या वजनाविषयीचा असतो. अडीच किलोपेक्षा कमी भरले तर ते कमी वजनाचे बाळ मानले जाते, आणि मग ठपका बहुधा सुनेवर येतो : ‘शेवटच्या महिन्यांत तिने नीट खाल्ले नाही.’ या निवाड्यात एका अवयवाची साक्ष मात्र कोणी काढीत नाही. तो अवयव म्हणजे वार.

पूर्ण दिवसांच्या वारेचे वजन सुमारे अर्धा किलो, म्हणजे बाळाच्या वजनाच्या साधारण एक षष्ठांश असते. आईचे आणि बाळाचे रक्त तिच्यात शेजारी शेजारी वाहते. परंतु सहसा एकमेकांत मिसळत नाही. वारेतील असंख्य सूक्ष्म अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात. त्यांच्या पातळ आवरणातून प्राणवायू, साखर व इतर पोषक द्रव्ये बाळाकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये आईकडे परत येतात. हे सर्व अंकुर उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग १० चौरस मीटरहून अधिक भरेल. म्हणून आईच्या ताटात काय वाढले याइतकेच, त्यातील किती वारेतून पलीकडे पोहोचले, हेही महत्त्वाचे ठरते.

याविषयी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास विचार करावयास लावणारा आहे. गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले असता, ज्यांची वार तेव्हा मोठी होती त्यांची बाळे सरासरीने अधिक वजनाची निघाली. वारेच्या त्या आकाराचा संबंध स्त्रीच्या गर्भधारणेपूर्वीच्या वजनाशी आढळला; पुढे गरोदरपणी वाढलेल्या वजनाशी मात्र आढळला नाही. सातव्या महिन्यानंतर तूप-मेव्याचा आग्रह करणाऱ्या घरांनी हे ध्यानी घ्यावे : पाया आधीच घातला गेलेला असतो.

तथापि मोठी वार म्हणजे सुदृढ बाळ, असा सरधोपट अर्थ काढू नये. आईस रक्तक्षय असल्यास पुरवठा भरून काढण्यासाठी वार कधी कधी वाढते. मधुमेहात वार व बाळ दोन्ही प्रमाणाबाहेर वाढू शकतात. डेव्हिड बार्कर यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथील जुन्या जन्मनोंदी तपासून दाखविले, की वार मोठी आणि बाळ लहान अशी जोडी ज्यांच्या जन्मवेळी होती, त्यांचा रक्तदाब प्रौढ वयात अधिक होता. उलट, गर्भाशयातील रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर आईचा रक्तदाब चढतो आणि उत्तम आहार असूनही बाळ लहान राहू शकते. अशा मातेस दोष देणे हा अन्यायच होय.

मग कुटुंबाने काय करावे? मुलगी सासरी जाण्यापूर्वीच तिचे वजन व हिमोग्लोबिन पाहावे. बारीक राहण्याच्या हौसेपायी होणारी उपासमार थांबवावी. याच पुणे अभ्यासात दूध, फळे व हिरव्या पालेभाज्या अधिक खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरदार आढळली. हे सर्व पदार्थ शाकाहारी आहेत, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असेल तेथे दूध, फळे व कडधान्ये यांचे प्रमाण वाढवावे. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. त्याची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून घ्यावी. गरोदरपणी दीर्घ उपवासाचा संकल्प डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. मशेरी व तंबाखू यांस तर थाराच नको.

प्रसूतीनंतर वार टाकून दिली जाते. तिने नऊ महिने केलेली सेवा बाळाच्या अंगी उरते. त्या सेवेस लागणारे बळ सुनेच्या अंगी आधीपासून असावे, ही जबाबदारी एकट्या सुनेची नसून संपूर्ण घराची आहे.