दुपारच्या विश्रांतीची मजुरी कोण देणार?

२८ मे २०२४ रोजी चुरू येथे पारा ५०.५ अंशांवर गेला. त्याच आठवड्यात राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने उष्म्याच्या बळींची स्वतःहून दखल घेतली. हमाल, रिक्षाचालक आणि उघड्यावर राबणाऱ्या मजुरांना दुपारी १२ ते ३ विश्रांती मिळावी, यासाठी सूचना काढण्यास न्यायालयाने राज्य सरकारला सांगितले. निर्देश योग्यच होता. परंतु जयपुरात ज्यांना ‘चौखटी’ म्हणतात, त्या मजूर-नाक्यांवरून रोजंदारीने गेलेल्या माणसाला तीन तासांची विश्रांती म्हणजे तितक्या मजुरीची खोट. तो सावलीत बसेल कसा?

या आजाराला वेळेवर ओळखले तर मृत्यू टळतो. गोळे येणे, डोके दुखणे, चक्कर व मळमळ ही पहिली सूचना. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, की तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. मुकादम अनेकदा याला दारूची नशा समजतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. सर्वाधिक धोका नवख्यांना असतो, कारण शरीराला उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून गावाकडून नुकत्याच आलेल्या मजुराकडून पहिल्याच दिवशी पूर्ण काम घेणे घातक ठरते.

कायद्याचे लक्ष मात्र भिंतींच्या आतच राहिले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामाच्या खोलीतील तापमान सुसह्य राखण्याचे बंधन मालकावर घातले; रस्त्यावरच्या खडी फोडणाऱ्याला तसे संरक्षण मिळाले नाही. कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरील कामास बंदी केली आहे. तेथे राबणाऱ्या भारतीय मजुराला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते मायदेशी केवळ सूचनापत्रकाच्या भरवशावर आहे.

प्रशासनात काढलेल्या वर्षांनी मला एक गोष्ट शिकवली: ज्या सूचनेमागे पैशाची तरतूद नसते, ती फलकावरच राहते. येथे तरतुदीचा मार्ग उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रदूषणामुळे दिल्ली परिसरातील बांधकामे थांबली, तेव्हा बांधकाम उपकराच्या निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले होते. धुरासाठी जे शक्य झाले, ते उन्हासाठी अशक्य का असावे? उष्णतेच्या लाटेचा इशारा लागू असलेल्या दिवशी दुपारचे काम बंद, त्या तासांची मजुरी या निधीतून, आणि सरकारी कंत्राटात सावली व पाण्याची अट, एवढे नियम राज्याला करता येतील. इशारा मिळूनही मजूर उन्हात उभा राहत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.