पैसे घेतले की मत मोकळे राहत नाही

मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाहून येणारा रस्ता कोहमाऱ्याला मिळतो. निवडणूक आली की या चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर एक सल्ला हमखास ऐकू येतो : "पैसा कोणाचाही घ्या, मत आपल्या मनानं द्या." मतदान गुप्त आहे, पैसा शेवटी आपलाच आहे, मग घ्यायला लाज कसली, असा त्यामागचा विचार. हे सांगणारी माणसे लबाड नाहीत, म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला मुद्दा गुप्ततेचा. एकट्याचे मत गुप्त राहते हे खरे; पण मतदान केंद्राचा हिशेब उघड असतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे निकालानंतर फॉर्म 20 मध्ये छापून येते. आदल्या रात्री मतदार यादीचे पान हातात घेऊन "घरात मतं किती?" असे विचारत फिरणारा माणूस तुमचे एकट्याचे मत विकत घेत नसतो, अख्ख्या टोलीचा सौदा करत असतो. आकडा कमी भरला की राग टोलीवर निघतो. तिथली नाली आणि रस्ता पाच वर्षे रखडतो. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आली आणि हे कवच गेले. विधी आयोगाने 2015 साली अनेक यंत्रांची मते एकदम बेरीज करून दाखवणारे टोटलायझर लावून एकत्रित मोजणी करण्याची शिफारस केली, पण केंद्र सरकारने तिला विरोध केला.

दुसरा मुद्दा, "पैसा आपलाच, तो परत घेतो." विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. वाटलेली पाकिटे कोणीही त्या हिशेबात दाखवत नाही. हा चोरखर्च भरून निघतो तो कंत्राटातून. म्हणजे पाकिटातली रक्कम परत मिळालेला पैसा नाही, पुढच्या लुटीची आगाऊ उचल आहे. पेरणीचे धान कांडून खाल्ले तर एका रात्रीचे पोट भरते आणि हंगाम हातचा जातो, तसा हा व्यवहार.

तिसरा मुद्दा गरिबांवरच्या आरोपाचा : अडाणी, उपाशी माणूसच मत विकतो म्हणे. मग नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याचे काय? कांद्याच्या बाजारपेठेच्या या गावात सरपंचपदाची बोली 2 कोटींवर गेली आणि कारण देवळाच्या बांधकामाचे दिले गेले. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. तिथे भूक कुठे होती? बाजार मांडतो तो पैसेवाला. बदनामी मात्र मजुराच्या वाट्याला येते.

"चालायचंच" हे शेवटचे उत्तर. आपल्याच भंडारा-गोंदिया मतदारसंघात 28 मे 2018 च्या पोटनिवडणुकीत यंत्रे बिघडली, तेव्हा कोणी "चालायचंच" म्हटले नाही. ओरड झाली आणि 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. बिघडलेल्या यंत्रावर जो संताप येतो, तो विकत घेतलेल्या रात्रीवर का येऊ नये?

गोंदिया जिल्हा वेगळा होण्याआधी हा सारा मुलूख भंडाऱ्यातच होता. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मालगुजाराच्या आणि त्याच्या शेतावरच्या मजुराच्या मताला राज्यघटनेत एकच मोल मिळावे म्हणून ते झटले होते. त्या मोलाचा भाव ठरवण्याचा अधिकार कोणत्याही पुढाऱ्याला नाही.

म्हणून पाकीट दारातूनच परत पाठवले पाहिजे. भारतीय न्याय संहितेत लाच देणाऱ्याइतकाच घेणाराही दोषी आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण भीतीपेक्षा एकी मोठी. एकटे घर नकार देताना डगमगते. ग्रामसभेने ठराव केला, महिला बचत गटांनी तो उचलून धरला, तर अख्खी टोली नकार देऊ शकते. वाटप दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाका, भरारी पथकाला बोलवा. आणि जो मत मागायला येईल त्याला आधी विचारा, एकत्रित मोजणीला तुमचा पाठिंबा आहे का? पैसे न घेतलेल्या मतदारालाच सरपंचापासून खासदारापर्यंत प्रत्येकाला ताठ मानेने जाब विचारता येतो, आणि लोकशाही त्या जाबावरच टिकते.