सीट वर घ्या, पण कशी?

गुडघेदुखी हा केवळ उतारवयाचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे. मध्यंतरी दहावीतला एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत होते, सायकलवर चढ चढताना जास्तच. मुलगा वर्षभरात चांगला उंच झाला होता. सायकलची सीट मात्र होती तिथेच. सीट खाली असली की पायडल मारताना गुडघा फार वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. मी गोळ्या न देता सांगितले, "सीट वर घ्या."

पंधरा दिवसांनी तोच मुलगा हनुवटी फोडून घेऊन आला. चार टाके घालावे लागले. सीटखालची नळी आखूड पडली, म्हणून दुसऱ्या सायकलची लांब नळी बसवली होती. ती किंचित बारीक, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून बोल्ट आवळला. खड्ड्यात सीट फिरली आणि पोर पडले.

यात मेकॅनिकइतकाच दोष माझा. मी अर्धाच सल्ला दिला होता. तो आज पुरा करतो.

या नळ्या सारख्या दिसल्या तरी त्यांची जाडी निरनिराळी असते. २५.४, २७.२ मि.मी. अशी अनेक मापे आहेत आणि ०.२ मि.मी.चाही फरक पडतो. जुन्या नळीवर बहुधा माप कोरलेले असते. नसल्यास मोजून घ्यावे. नवी नळी बारीक असेल तर दोन्ही मापांना जुळणारे गोल बुश बसवावे. ते सगळीकडून सारखे धरते. पत्रा तसे धरत नाही. जाड नळी ठोकून बसवू नये, फ्रेमला चीर जाते. नळीवरची मर्यादेची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

उंची ठरवण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना तो थोडासा वाकलेला राहतो. एवढे करूनही दुखणे राहिले किंवा सूज आली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

औषधावर शेकडो रुपये खर्च करणारे आपण मापाच्या नळीसाठी काटकसर करतो, हे मला पटत नाही. त्या मुलाचा गुडघा आता बरा आहे. हनुवटीवरचा व्रण मात्र राहिला.