कॉलेजचा पहिला आठवडा: खान्देशातलं 'दीक्षारंभ' मागच्या बाकापर्यंत का पोहोचत नाही?

नवीन वर्ष सुरू झालं की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांच्या गेटवर 'नवागतांचे स्वागत' असे बॅनर लागतात. हॉलमध्ये दीपप्रज्वलन होतं, तीन-चार भाषणं होतात. मग माइक फिरतो आणि कुणीतरी म्हणतं, "चला, एकेकानं उभं राहून ओळख करून द्या. इंग्लिशमध्ये दिली तर आणखी छान!"

तेवढ्यात मागच्या रांगा गप्प होतात.

नव्या मुलांची भीड मोडावी म्हणून जो खेळ घेतला जातो, त्यानेच भीड वाढत असेल तर चुकतंय कुठे?

आधी, हे दीक्षारंभ काय आहे?

आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्रॅम सुरू केला. पुढे एआयसीटीईने इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. २०१९ मध्ये यूजीसीने सगळ्याच कॉलेज-विद्यापीठांसाठी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. मुलांनी एकमेकांत मिसळावं, कॉलेजशी नातं जुळावं, नियम कळावेत आणि वेगवेगळे अनुभव घ्यावेत, असा तिचा हेतू.

कागदावर हे सगळं आठवड्यांच्या हिशोबात आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते एका सकाळी उरकलं जातं. फोटो निघतात, अहवाल तयार होतो आणि दुसऱ्या दिवसापासून लेक्चर सुरू.

खान्देशात गाडी कुठे अडते?

पहिली अडचण भाषेची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. इथल्या घरांत अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, भिल्ली, पावरी बोलली जाते. अशा घरातून आलेल्या मुलाला प्रमाण मराठीतही चारचौघांत बोलताना अवघडल्यासारखं होतं, इंग्रजी तर पुढची गोष्ट. आणि गंमत बघा, ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे त्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची सगळी कविता घरच्या बोलीतली.

दुसरी अडचण एसटीची. यावल, चोपडा, साक्री, शिंदखेड्याच्या खेड्यांतून रोज अपडाउन करणारी मुलं कमी नाहीत. कार्यक्रम संध्याकाळी लांबला की ती बसच्या वेळेसाठी उठतात. होस्टेलवाले आणि शहरातले तेवढे थांबतात, आणि दोस्ती त्यांचीच होते.

तिसरी अडचण तारखांची. प्रवेशाच्या फेऱ्या चालूच राहतात. शेवटच्या फेरीत आलेल्या मुलासाठी स्वागत आधीच होऊन गेलेलं असतं.

आइस ब्रेकर कधी रॅगिंग होतो?

"गाणं म्हण", "नाचून दाखव", "तुझ्या गावच्या भाषेत बोलून दाखव". सांगणाऱ्याला ही मजा वाटते. पण महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा काय म्हणतो? एरवी जी गोष्ट विद्यार्थी स्वखुशीने करणार नाही ती त्याला करायला सांगणं, त्याला लाज किंवा भीती वाटेल असं वागणं, हेही रॅगिंगमध्ये येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. यूजीसीच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने जात, प्रदेश आणि भाषेवरून केलेला छळही घेतला गेला.

जळगावला हा विषय परका नाही. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी इथल्याच. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, असा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण कोर्टात गेलं. स्वागताचा एखादा कार्यक्रम असा छळ थांबवू शकतो, असं कुणी म्हणणार नाही. पण त्रास झाला तर कुणाकडे जायचं, हे पहिल्या आठवड्यात माहीत झालेलं असणं वेगळं आणि अंधारात चाचपडणं वेगळं.

मग करायचं काय?

यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांतच सांगितलंय की नव्या मुलांचे छोटे गट करा, प्रत्येक गटाला एक प्राध्यापक द्या आणि सहा नव्या मुलांमागे एक सीनियर मेंटर ठेवा. त्यात थोडी खान्देशी भर घालता येईल.

• स्टेजऐवजी काम द्या. सहा जणांनी मिळून लायब्ररीचं कार्ड काढायचं, लॅब शोधायची, एसटी पासचा फॉर्म भरायचा. काम करता करता ओळख आपोआप होते.

• "पास" म्हणायची मुभा द्या. बोली कुठलीही चालेल, आणि बोलायचं नसेल तरी चालेल. शेजाऱ्याने शेजाऱ्याची ओळख करून दिली की ताणही कमी होतो.

• वेळ दुपारच्या आत ठेवा आणि शेवटच्या फेरीनंतर हाच कार्यक्रम पुन्हा घ्या.

• भाषणं कमी, माहिती जास्त. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालंय. मेजर, मायनर, क्रेडिट, एबीसी आयडी हे शब्द घरी समजावून सांगणारं कुणी नसतं. महाडीबीटीचा फॉर्म राहिला की शिष्यवृत्ती अडकते, आणि फीचे पैसे जमले नाहीत की शिक्षण सुटायची वेळ येते. एका मुलासाठी हा एक तास दहा सत्कारांपेक्षा मोलाचा.

या सगळ्याला मोठा खर्च नाही. प्राध्यापकांची पदं रिकामी असताना एवढे गट सांभाळायचे कुणी, हा प्रश्न मात्र खरा आहे. तिथे सीनियर मेंटरच उपयोगी पडतात. दोन वर्षांपूर्वी त्याच एसटीने आलेली ताई जे सांगेल, ते नव्या पोरीला लवकर पटतं.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी यंदा कॉलेजला जात असेल, तर पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी विचारून घ्या. माझे मेंटर कोण? अँटी-रॅगिंग समितीत कोण कोण आहे? शिष्यवृत्तीचं काम कुठल्या टेबलावर होतं? आणि एक नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा: १८००-१८०-५५२२, राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन.