तुमचा फोन ऐकायची परवानगी कोण देतं? न्यायाधीश नाही, एवढं नक्की

आपल्या हिंगोलीत निवडणूक लागली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "साध्या कॉलवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लाव." ग्रामपंचायत सदस्य म्हणतो, हळदीचा आडत्या म्हणतो, संस्थाचालक तर म्हणतातच. यातल्या निम्म्या लोकांचं बोलणं भर चौकात भोंग्यावर लावलं तरी कुणी गाडी थांबवून ऐकणार नाही, तो भाग वेगळा. पण भीती उगाच आलेली नाही. आपल्याच राज्यात काय झालं ते आठवा.

जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये त्यांचा फोन टॅप होत होता, आणि कागदावर त्यांचं नाव होतं "अमजद खान". अमली पदार्थांचा धंदा करणारा माणूस म्हणून. तेव्हा ते खासदार होते! पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि मार्चमध्ये मुंबईत कुलाब्याला दुसरा. मुंबईचं प्रकरण संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनचं. दोन्ही गुन्हे ज्येष्ठ आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर होते. सरकार बदललं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात सरकारने खटला चालवायला मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

कोण दोषी, कोण निर्दोष, हे मी इथं ठरवत नाही. तो माझा अधिकार नाही आणि आरोप कोर्टात सिद्ध झालेले नाहीत. माझा प्रश्न वेगळा आहे. एका सरकारने गुन्हा दाखल करायचा, दुसऱ्या सरकारने मंजुरी नाकारायची, आणि या सगळ्यात फोन ऐकायला सुरुवात होण्याआधी "हा नंबर कुणाचा आहे, दाखवा बरं पुरावा" असं विचारणारा एकही न्यायाधीश कुठंच नव्हता. का नव्हता? कारण कायद्यातच तो नाही.

पद्धत समजून घ्या. राज्यात फोन टॅप करायचा तर आदेश गृहखात्याचे सचिव काढतात, केंद्रात केंद्रीय गृहसचिव. आदेश ६० दिवसांचा, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत. मग तो तपासायला एक आढावा समिती असते. राज्यात त्या समितीत मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे एका सचिवाने सही करायची आणि तीन सचिवांनी ती बरोबर आहे म्हणायचं. बाजार समितीत काटाही व्यापाऱ्याचा आणि काटा तपासणाराही व्यापाऱ्याचाच भाऊ, असं झालं तर आपण हळदीचं पोतं तिथं उतरवू का?

बरं, समिती तरी किती तपासणार? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून आलेला आकडा दिला आहे : एकट्या केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. तलाठ्याकडं फेरफाराच्या नोंदीसुद्धा यापेक्षा जास्त वेळ घेतात!

हे असंच का राहिलं याचीही गोष्ट आहे. १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर थेट मागणी होती की टॅपिंगच्या आधी न्यायाधीशाची परवानगी लागावी. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला, पण न्यायाधीशाची अट घातली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, नियम करणं सरकारचं काम, असं म्हणून तात्पुरती व्यवस्था म्हणून गृहसचिव आणि समिती दिली. तात्पुरती! तेव्हाचा कायदा १८८५ चा, इंग्रजांचा. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये टॅपिंगचे नवे नियम आले, तरी गृहसचिव तेच आणि समिती तीच. १३८ वर्षांनी कायदा बदलायची संधी मिळाली आणि आपण फक्त पाटी बदलली.

आता गंमत बघा. पोलिसांना सेनगावातल्या एखाद्या घराची झडती तातडीने, वॉरंटशिवाय घ्यायची असेल तर कारणं लिहून काढावी लागतात आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं पाठवावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये तसं लिहिलंय. माणसाला अटक केली तर २४ तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. पण त्याच माणसाचं बायकोशी, वकिलाशी, डॉक्टरशी बोलणं सहा महिने ऐकलं तर कुठल्याही न्यायाधीशाकडं एक चिठ्ठीसुद्धा जात नाही. कपाटाला संरक्षण आहे, बोलण्याला नाही.

कोर्टात दाद मागता येते की, असं कुणी म्हणेल. येते, पण आधी कळायला तर पाहिजे. मुंबईच्या एका व्यावसायिकाचा फोन २००९-१० मध्ये सीबीआयच्या लाचेच्या प्रकरणात टॅप झाला. दहा लाखांच्या लाचेचा आरोप होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्यातली अटच तिथं बसत नव्हती. निकाल चांगला आहे. पण दहा वर्षं लागली, आणि त्या माणसावर खटला भरला म्हणून त्याला कळलं तरी. ज्याच्यावर खटलाच नाही, नुसतं ऐकून ठेवलंय, त्याला कधीच कळत नाही. नियमाप्रमाणे कागद सहा महिन्यांनी नष्ट.

मला माहितीय, काही जण खाली लिहिणार : "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, बाहेरचे शत्रू आहेत, हेरखात्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावता का?" मग अमेरिकेचं बघू. ते काही सुरक्षेत ढिले नाहीत. परकीय हेरगिरीच्या पाळतीसाठी त्यांनी १९७८ मध्ये वेगळं कोर्टच काढलं. अकरा न्यायाधीश, कामकाज गुप्त. हे कोर्ट काही फार कडक नाही, बहुतेक अर्ज मंजूरच होतात अशी टीका तिथलेच लोक करतात. पण मे २०२३ मध्ये त्याच कोर्टाचा एक निकाल उघड झाला आणि जगाला कळलं की एफबीआयने परदेशी लोकांच्या नावाने गोळा केलेल्या माहितीत २ लाख ७८ हजारांहून अधिक वेळा नियम मोडून शोध घेतला होता. आपल्याकडं असं घडलं असतं तर कुणी मोजलं असतं?

आणि यात आपला अजून एक धागा आहे, जो फारसा कुणी बोलत नाही. त्या अमेरिकन कायद्याच्या कलम ७०२ खाली अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसावर पाळत ठेवायला त्या-त्या माणसासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. कोर्ट फक्त वर्षाला एकूण पद्धत मंजूर करतं. ते परदेशी माणूस म्हणजे कोण? तुम्ही-आम्ही. वसमतचा पोरगा न्यू जर्सीत नोकरीला असेल तर त्यांच्या वादात त्याची बाजू मांडणारं कुणीतरी आहे. इकडं वसमतमध्ये जीमेल उघडून बसलेल्या त्याच्या बापाची बाजू तिथं कुणी मांडत नाही. तिथं आपण परके, आणि इथं आपल्या घरात आपल्याला न्यायाधीश नाही. आयबी आणि रॉ या आपल्या संस्था कुठल्या कायद्याने चालतात असं विचाराल तर संसदेने त्यांच्यासाठी केलेला कायदाच नाही. तरी डिसेंबर २०१८ च्या आदेशाने ज्या दहा यंत्रणांना कॉम्प्युटरमधली माहिती बघायचे अधिकार दिले, त्यात या दोन्ही आहेत.

वेळेचा मुद्दा मला मान्य आहे. अतिरेकी काही सोमवारी कोर्ट उघडायची वाट बघत नाही. पण आजही तातडीच्या वेळी अधिकारी आधी ऐकायला लागतो आणि सात कामकाजाच्या दिवसांत गृहसचिवांची मान्यता घेतो. तीच मान्यता हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडून घ्या. बंद लिफाफ्यात घ्या, बंद दाराआड घ्या, काही हरकत नाही. अडतंय कुठं?

महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोका कायद्यात एक बरी तरतूद आहे : टॅपिंगचा पुरावा वापरायचा तर खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि अर्जाची प्रत द्यावी लागते. टोळीवाल्याला एवढा हक्क आहे. ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला पाळत संपल्यावर वर्षभराने एक साधी नोटीस मिळावी, एवढं मागणं जास्त आहे का?

आता आपले नेते गावात आले की रस्ता, पाणी, पीकविमा विचाराच. सोबत हेही विचारा : गेल्या वर्षी राज्यात टॅपिंगचे किती आदेश निघाले आणि आढावा समितीने त्यातले किती नाकारले? नावं नकोत, नंबर नकोत, फक्त दोन आकडे. सत्तेतल्याला विचारा आणि विरोधातल्याला पण विचारा, कारण विरोधात असताना ज्यांचे फोन टॅप झाले त्यांनीही सत्तेत आल्यावर हा कायदा बदलला नाही. उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका.