मोटारसायकल व अवधान

शाळा सुटल्यानंतर फाटकापासून थोड्या अंतरावर, वळणाच्या आड, चार-पांच मोटारसायकली उभ्या असतात. त्या कोणाच्या आहेत हें शिक्षकांस ठाऊक नाहीं, अशी मुलांची समजूत आहे. आणि ती समजूत आम्हीं आजवर मोडली नाहीं, हा आमचा दोष होय. या वार्षिकाचे वाचक विद्यार्थी आहेत तसेच त्यांचे पालकही आहेत. तेव्हां दोघांच्या समक्ष या विषयावर आमचें मत मांडावें, हें आम्हांस उचित वाटतें.

पालकांजवळ गोष्ट काढली म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : "सर, त्याचा हात चांगला बसलाय, काळजी करूं नका." हात बसला आहे यांत शंका नाहीं. क्लच सोडणें, गिअर बदलणें, तोल सांभाळणें, हें सर्व चौदा वर्षांचा चलाख मुलगा आठ दिवसांत शिकतो; कित्येकदां तो बापापेक्षां सफाईनें चालवितो. परंतु मोटारसायकल चालविणें हें मुख्यतः हाताचें काम आहे, ही समजूतच आमच्या मतें चुकीची आहे. तें डोळ्याचें व मनाचें काम आहे, आणि डोळा बसावयास वर्षें लागतात. मोटारवाहन कायदा, १९८८ याप्रमाणें ५० सी. सी. हून मोठ्या इंजिनाची मोटारसायकल चालविण्यास १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. हें पालकांनीं जाणून असावें. तथापि केवळ दंडाच्या भयानें किल्ली लपवून ठेवणाऱ्या बापाचें आम्हांस फारसें कौतुक वाटत नाहीं. अठरावा वाढदिवस उजाडला कीं तीच किल्ली, तोच मुलगा, आणि तोच न बसलेला डोळा !

हाताचें कौशल्य कोठें तोकडें पडतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या उठावामुळें नांवाजलेले टी. ई. लॉरेन्स हे निष्णात मोटारसायकलस्वार होते. ब्रफ सुपीरियर कंपनीच्या वेगवान गाड्या त्यांनीं एकामागून एक वापरल्या होत्या. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत, बव्हिंग्टन छावणीकडून आपल्या क्लाउड्स हिल या लहानशा घराकडे ते परतत होते. रस्ता नित्याच्या परिचयाचा, अंतर थोडकें. वाटेंत रस्त्याला खोलगट भाग होता, व पुढें दोन मुलें सायकलींवरून चाललीं होतीं. तीं दृष्टीस पडलीं तेव्हां अंतर उरलें नव्हतें. त्यांस चुकवितांना लॉरेन्स गाडीवरून फेंकले गेले, आणि १९ मे रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, मरण पावले. येथें हात अनाडी होता असें कोण म्हणेल ? जेवढा रस्ता डोळ्यांस दिसत होता तेवढ्यांत गाडी थांबेल इतका वेग कमी नव्हता, एवढेंच घडल्या प्रकारावरून म्हणतां येतें. ओळखीच्या रस्त्यावर मनुष्य डोळ्यांनीं पाहण्याऐवजीं आठवणीनें पाहतो, आणि आठवणींत सायकलवरचीं मुलें नसतात.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स या नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें कामावरील स्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें. आपल्या देशांत २०२२ सालीं हेल्मेट न घातल्यामुळें ५०,०२९ माणसें प्राणांस मुकलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. या वस्तूविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं, कारण येथें वादास जागाच नाहीं. आरशाला अडकविलेलें हेल्मेट आरशाचें मात्र उत्तम रक्षण करतें, एवढें सांगून पुढें जातों.

आपणांस रस्ता दिसतो म्हणून रस्त्यावरील इतरांस आपण दिसतों असें मुळींच नाहीं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनीं लॉस एंजेलिस भागांतील सुमारें ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणें, दुसऱ्या वाहनाशीं झालेल्या टकरींपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांत दुसरें वाहनच मोटारसायकलच्या हक्काच्या वाटेंत घुसलें होतें. आणि पुष्कळ चालकांनीं मोटारसायकल एक तर पाहिलीच नव्हती, किंवा फार उशिरां पाहिली होती. स्वारास सावरण्यासाठीं मिळालेला वेळ सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी होता. ताशीं ६० किलोमीटर वेगानें दोन सेकंदांत सुमारें ३३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीहून अधिक, अंतर तोडलें जातें.

असें कां व्हावें याचा प्रयोग मुलांनीं स्वतः करून पाहावा. रस्त्यापासून दूर सुरक्षित जागीं उभें राहून एक डोळा मिटावा, हात लांब करून अंगठा उभा धरावा. तीस मीटरांवरून येणारी मोटारसायकल स्वारासकट त्या अंगठ्याआड लपते. मोटारीच्या पुढच्या कांचेच्या बाजूस जो खांब असतो त्याचें काम हेंच. शिवाय सरळ समोरून येणारी अरुंद वस्तु बऱ्याच जवळ येईपर्यंत मोठी होतांना भासत नाहीं, म्हणून पाहणारा तिचा वेग कमी धरतो व "जाईन सहज" म्हणून गाडी वळवितो. पोलिसांच्या कागदांत अपराध त्याचा लिहिला जाईल. पण अस्थि मोडतात त्या स्वाराच्या. म्हणून स्वारानें आपल्यापुरतें पाहून भागत नाहीं, दुसऱ्याच्या वांट्याचेंही त्यालाच पाहावें लागतें. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं.

लॉस एंजेलिस दूर राहिलें. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर मुलखांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे रस्त्याचें रूपच पालटतें. ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या, त्यांबाहेर हात-दीड हात लोंबणारा ऊस, मागचा दिवा असला तर धुळीनें माखलेला. गळून पडलेलें उसाचें कांडें चाकाखालीं लाटण्यासारखें फिरतें. एका हंगामांत रात्रीं आठच्या सुमारास आम्ही परत येत असतां समोरून ट्रक आला. त्याच्या झोतांत आमच्यापुढें कांहींच दिसेना. मात्र लांबवर पेट्रोलपंपाचे जे दिवे आतांपर्यंत दिसत होते, त्यांतले खालचे दोन-तीन एकाएकीं नाहींसे झाले. दिवे आपण होऊन विझत नाहींत, मध्यें कांहीं तरी आडवें आलें असलें पाहिजे, एवढा विचार मनांत आला व आम्हीं गाडी अगदीं सावकाश केली. ट्रक निघून गेल्यावर पाहतों तों वीस पावलांवर उसाची ट्रॉली उभी ! चाक काढलेलें, मागें चार दगड व खुणेसाठीं बाभळीची एक फांदी. त्या प्रसंगीं आमचा हात कांहीं विशेष करीत नव्हता.

अशा खुणा रस्त्यावर पदोपदीं असतात. उभ्या राहिलेल्या एस्. टी.च्या खालून पलीकडचे पाय दिसतात. ते पाय आतां पुढून रस्ता ओलांडणार. कडेच्या मोटारींत चालकाचें डोकें दिसलें तर तिचा दरवाजा उघडेल, आणि तिचें पुढचें चाक वळूं लागलें तर ती निघेल. चाक चालकापेक्षां प्रामाणिक असतें. एक शेरडूं रस्ता ओलांडून गेलें म्हणजे मागचीं थांबत नाहींत. कुत्रें अर्ध्यावरून परत फिरतें. जूनच्या पहिल्या सरीनें धूळ व गाड्यांचें सांडलेलें तेल यांचा राबडा होतो, आणि रस्ता नुसता ओला असतांना निसरडा नसेल इतका त्या पहिल्या पावसांत असतो. खड्डा दिसला कीं त्याच्याकडे टक लावूं नये, कारण जिकडे दृष्टि खिळते तिकडेच गाडी जाते. खड्ड्याशेजारच्या चांगल्या वाटेकडे पाहावें. कानांत गाणीं वाजत असलीं व खिशांत मोबाइल थरथरत असला म्हणजे यांतलें कांहींच उमगत नाहीं, हें आम्हीं सांगावयास नको.

दहा कुमारींचा दृष्टान्त आमच्या मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकला आहे. त्यांतील एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं : वरास उशीर झाला तेव्हां डुलकी दहाही जणींना लागली. पांच जणी शहाण्या ठरल्या त्या जाग्या राहिल्या म्हणून नव्हे, तर जवळ तेल होतें म्हणून. मनुष्याचें लक्ष अखंड टिकत नाहीं, हें आम्ही वर्गांत रोज पाहतों. तें क्षणभर ढळलें तरी निभावेल इतकी शिल्लक आधीं ठेवावी लागते, आणि पुढील वाहनापासून राखलेलें अंतर ही स्वाराची शिल्लक होय. पुढचें वाहन एखाद्या खांबापाशीं पोहोंचलें कीं सावकाश दोन सेकंद मोजावे. तोंपर्यंत आपण त्या खांबाशीं येतां कामा नये. पावसांत चार मोजावे. अशा मोकळ्या जागेंत दुसरा घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसला तर पुनः मागें राहावें. त्यानें घरीं पोहोंचण्यास मिनिटाचाही उशीर होत नाहीं.

आतां पालकांस एक विनंती. ब्रिटनमध्यें पोलीस चालकांच्या शिक्षणांत, चालवितां चालवितां जें जें दिसतें व त्यावरून जें घडण्याचा संभव आहे तें मोठ्यानें बोलून दाखविण्याची रीत आहे. ही रीत आपल्या घरीं आणण्यास कांहींच खर्च नाहीं. मुलास हेल्मेट घालून मागें बसवावें, गाडी बेतानें चालवावी, आणि पुढें काय घडेल तें त्यास सांगावयास लावावें. प्रारंभीं तो दुकानांच्या पाट्या व फलकांवरचीं चित्रें सांगेल. रागावूं नये. कांहीं आठवड्यांनीं तो बैलगाडीमागून डोकावणारी सायकल सांगूं लागेल, आणि एखादे दिवशीं बापाच्या आधीं सांगेल. मुलींनाही असेंच मागें बसवून शिकवावें. पुढें त्याही चालविणार आहेत. परवान्याचें वय येईपर्यंत दोन-तीन वर्षें हातीं आहेत. आरंभ आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं करावा, कारण त्या दिवशीं रस्त्यावर पाहण्यासारखें पुष्कळ असतें.